ती चिठ्ठी माझी होती, सिस्टर

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

काल शेवटचा रिपोर्ट हातात पडला. गोळ्या संपून १२ आठवडे झाले आणि रक्तात हिपॅटायटिस सीचा, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा, विषाणू सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, "बरे झालात. संपलं." बाहेर येऊन जिन्यात बसलो, तर आधी आठवलं ते तुमचं बुटांचं खोकं. हे पत्र तुमच्या हातात गुपचूप देता आलं असतं. पण तुम्ही जे केलंत ते सगळ्यांसमोर केलंत, तर आभारही सगळ्यांसमोर.

वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. मी सुईवरचा गर्दुल्ला होतो. हा शब्द मी स्वतःसाठी वापरू शकतो, इतरांनी वापरला की अजून टोचतो. आता रोज जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे नशेची तलफ थोपवणारी, गोळी ठेवतो. ती विरघळायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ बोलायचं नसतं. सिस्टरनी नेमकी हीच मिनिटं धरली. ग्रुपमधले आम्ही बारा-तेरा जण तोंड मिटून बसलेलो, उलट उत्तर द्यायची सोय नाही! मग त्या कावीळ, एचआयव्ही, टीबी, सुईच्या जागी होणारं गळू, असं एकेक सांगायच्या. प्रश्न असेल तर चिठ्ठीवर लिहून खोक्यात टाकायचा.

त्याआधी दोन वर्षं मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. एका ठिकाणी रक्त तपासलं, अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली. तो कागद माझ्यापुढे दोन बोटांच्या चिमटीत धरून सरकवला गेला. "आधी व्यसन सोडा, सहा महिने राहून दाखवा, मग बघू." कॉरिडॉरमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात. त्या डॉक्टरांना कधी भेटलो तर एवढंच विचारेन, की साहेब, अँटिबॉडी म्हणजे विषाणू अंगात येऊन गेल्याची खूण; तो आत्ता आहे का हे बघायला दुसरी तपासणी लागते, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं की माझ्यासाठी तोंड उघडायचा कंटाळा आला? काहींच्या शरीरातून तो पहिल्या सहा महिन्यांत आपोआप निघूनही जातो. माझ्यातून गेला नव्हता, पण हे मला दोन वर्षं उशिरा कळलं. आणि व्यसन चालू आहे म्हणून उपचार अडवायचे नसतात, हेही तुमच्याकडूनच कळलं.

या दोन वर्षांत घरात माझं ताट वेगळं, टॉवेल वेगळा. घरच्यांना दोष देत नाही. सगळ्यात जास्त घाबरलेलो मीच होतो.

चिठ्ठीकडे येतो. मला लिहायचं होतं एक आणि मी लिहिलं भलतंच, तेही डाव्या हाताने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. "मुलीची नखं कापली तर तिला होईल का?" बस, एवढंच. ती सहा वर्षांची असताना मी तिची नखं कापणं सोडलं होतं.

तुम्ही चिठ्ठी मोठ्याने वाचलीत. तोंडात गोळी असताना हसता येत नाही, तरी मागून कुणीतरी नाकातून हसलंच. दोन-तीन माना वळल्या. ग्रुपमध्ये मुलीचा बाप मी एकटाच, त्यामुळे डाव्या हाताचा काही उपयोग नव्हता. कान गरम झाले. उठून निघून जाणार होतो, आणि गेलो असतो तर परत आलो नसतो, हे मी मला ओळखतो म्हणून सांगतो.

तुम्ही चिठ्ठीची घडी घातलीत, एप्रनच्या खिशात ठेवलीत आणि म्हणालात, "हसताय काय? ही माझी चिठ्ठी आहे. मीच टाकली."

मग आपल्याच प्रश्नाला उत्तर द्यावं तसं शांतपणे सांगितलंत. जवळ घेतल्याने, पापा घेतल्याने, एका ताटात जेवल्याने हा आजार होत नाही. रक्ताला रक्त लागलं तर होतो. म्हणून ब्लेड, टूथब्रश, नेलकटर प्रत्येकाचा वेगळा. तिचा नेलकटर वेगळा ठेवा आणि खुशाल कापा.

त्यानंतर मी तोंड उघडलं. छाती फुगवून सांगितलं, की मी सुई कधी कुणाची घेतली नाही. तुम्ही विचारलंत, "आणि पाणी? चमचा? कापूस?" मी गप्प. नशा तयार करायचं ते सामान तर सगळ्यांचं एकच असायचं. सिरिंजमध्ये राहिलेल्या रक्तात हा विषाणू प्रयोगशाळेत ६३ दिवसांपर्यंत टिकलेला आढळलाय, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा खोलीत कुणाची मान वर नव्हती. पण तुम्ही आम्हाला तिथे सोडलं नाहीत. पुढच्या मंगळवारी सांगितलंत, की १९८९ पर्यंत या विषाणूची ओळखच पटली नव्हती, "ए नव्हे, बी नव्हे" म्हणून त्याला हाक मारायचे. आणि २०२०चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं ते त्याच्या शोधासाठीच. आता ८ ते १२ आठवडे गोळ्या घेतल्या की शंभरातले ९५ च्या वर बरे होतात. नाव नसलेला आजार इतका पुढे आला, तर आमचंही काही होईल असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

आणि ग्रुपमधले आमचे काका. टीबीची औषधं सुरू झाल्यावर त्यांना पुन्हा टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, यायला लागली, नाक गळणं, अंग मोडणं. आधीच्या केंद्रात याच कारणावरून "चोरून घेतोस" म्हणत त्यांना बाहेर काढलं होतं. तुम्ही फक्त गोळ्यांचं पाकीट मागितलंत. टीबीच्या औषधांतल्या रिफॅम्पिसिनमुळे ब्युप्रेनॉर्फिनचं रक्तातलं प्रमाण घटतं, माणूस खोटं बोलत नसतो. डॉक्टरांनी डोस बदलला. काका त्या दिवशी रडले ते टर्कीमुळे नव्हे.

मला वाटतं चांगुलपणाला फार वेळ लागत नाही. मला हाकलायला जेवढा वेळ लागला, त्याच्याहून कमी वेळात तुम्ही मला बसवून ठेवलंत. शिकलेली माणसं मी खूप पाहिली. आपल्या अंगावर दुसऱ्याची लाज ओढून घेणारं माणूस एकच.

काल रिपोर्ट घेऊन घरी गेलो. मुलगी आता नऊची आहे, तिची नखं तीच कापते. नेलकटर घेऊन बसलीच होती. उजव्या हाताची तिला अजून जमत नाहीत. तो हात तिने माझ्यापुढे केला.

तुमच्या मंगळवारच्या ग्रुपमधला,
खिडकीजवळ बसणारा

ता. क. चिठ्ठी अजून खिशात असेल तर परत द्या. ती माझी आहे.