आरोग्यमंत्री साहेब, आमच्या मामांच्या अंगठ्याचं जरा ऐका की ओ

माननीय आरोग्यमंत्री साहेब, कर्नाटक राज्य,
सादर नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला. या पत्राचा विषय म्हणजे आमच्या मामांच्या उजव्या पायाचा अंगठा, हसू नका. श्रावण सुटला, दोन दिवस मटण, वजडी आणि बिअर झाली, आणि तिसऱ्या रात्री दोन वाजता मामा बोंबलत उठले. अंगठ्याचा सांधा लालभडक, चादर टेकली तरी "जीव जातोय" म्हणायचे.

ही काय पहिली वेळ नव्हती. चार वर्षं गावाजवळच्या दवाखान्यात "वात आहे" म्हणून दुखण्याचं इंजेक्शन, की चार दिवसांनी मामा परत शेतात. रक्त कुणीच तपासलं नाही. शेवटी बेळगावात तपासलं तर युरिक अ‍ॅसिड ९ च्या वर, म्हणजे गाऊट. साधारण ६.८ च्या पुढं गेलं की ते रक्तात नीट विरघळत नाही, सुईसारखे बारीक खडे होऊन सांध्यात बसतात. आणि गंमत बघा, ऐन दुखण्यात रिपोर्ट नॉर्मल पण येऊ शकतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी परत बघायला लागतं.

गावात सगळे मटणालाच शिव्या घालतात. पण वाढलेलं वजन, कमजोर किडनी, घराण्यातला त्रास, गोड कोल्ड्रिंक, बीपीची लघवी जास्त करणारी गोळी, यानंही वाढतं. मामांना तीच गोळी चालू होती, डॉक्टरनी बदलली (आपल्या मनानं बंद करायची नाही हां). बायकांना पाळी गेल्यावर धोका वाढतो. आणि डाळ उगाच बदनाम, मामींनी वर्षभर आमटी बंद केली होती, बिचारे मामा नुसत्या ताकावर.

आता खरं दुखणं सांगतो. अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी महाग नाही, पण दुखणं थांबलं तरी रोज घ्यायची असते, युरिक अ‍ॅसिड ६ च्या खाली ठेवायला. मामांना दिलेला कागद कन्नडमध्ये, मामा शिकले मराठी शाळेत चौथीपर्यंत. पाय बरा झाला, त्यांनी गोळी सोडली, दोन महिन्यांत अंगठा परत तसाच. कन्नडशी आमचं भांडण नाही साहेब, त्याच कागदाच्या मागं मराठीत चार ओळी छापा एवढंच. आणि युरिक अ‍ॅसिडची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातच होऊ दे.

पुढच्या महिन्यात मामांचं रक्त परत तपासायचंय, त्यासाठी सकाळची बेळगाव गाडी धरायला लागणार, तेवढ्यासाठी एक रोजगार बुडतो.

आपला,
एक खानापूरकर भाचा