डार्ट्सच्या निकालात डबलचाही आकडा छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी डिसेंबरच्या मध्यापासून नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये व्यावसायिक डार्ट्सची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चालते. ल्यूक लिटलर सोळाव्या वर्षी तिच्या अंतिम फेरीत पोहोचला, तेव्हापासून मराठी क्रीडा पानांवरही तिला जागा मिळू लागली आहे, याचा आनंद आहे. तक्रार आहे ती आकड्यांबद्दल. बक्षिसाच्या पौंडांचे रुपये किती होतात, कोणी किती वेळा 180 (एका पाळीतले जास्तीत जास्त गुण) मारले आणि निकाल 7-3 लागला की 7-4, एवढ्यावर चौकट आटोपते. सामना कुठे फिरला, हे त्यातून कळत नाही. डार्ट्सचे सामने बहुतेक वेळा डबलवर फिरतात आणि नेमका तोच आकडा बातमीत नसतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येक लेग, म्हणजे एक डाव, 501 गुणांपासून सुरू होतो, एका पाळीत तीन डार्ट्स मिळतात आणि मिळवलेले गुण वजा होत जातात. शून्यावर नेमके पोहोचावे लागते आणि शेवटचा डार्ट डबलमध्ये, म्हणजे बोर्डाच्या अगदी कडेच्या, दुप्पट गुण देणाऱ्या अरुंद पट्ट्यात, लागावा लागतो. मधला बुल 50 गुणांचा असून तोही डबलच धरला जातो. गुण उरल्यापेक्षा जास्त झाले, एकच उरला, किंवा शून्य गाठले पण डबलशिवाय, तर त्या पाळीतले सगळे गुण रद्द होतात. याला बस्ट म्हणतात.

आता गंमत अशी की डबलचा पट्टा 8 मिलिमीटर रुंद आणि ट्रेबलचा, म्हणजे तिप्पट गुण देणारा आतला पट्टाही तेवढाच. उलट डबलचा पट्टा बाहेरच्या अंगाला असल्याने लांबीने मोठा. मग डबल अवघड का? ट्रेबल 20 वर-खाली चुकला तरी साधे 20 पदरात पडतात. तीनही डार्ट्स असे चुकले तरी 60 होतात आणि खेळ पुढे सरकतो. डबल बाहेरच्या बाजूला चुकला की शून्य. वर प्रतिस्पर्ध्याला पूर्ण तीन डार्ट्सची पाळी मिळते, आणि तो 60-70 वर उभा असेल तर लेग गेलाच म्हणायचा. शिवाय 180 साठी हात एकाच जागी लयीत चालत असतो. डबलसाठी तीच लय मोडून बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला नेम धरावा लागतो, तोही प्रेक्षक शिट्ट्या मारत असताना.

उदाहरण 2024 च्या अंतिम सामन्याचे घ्या. ल्यूक हम्फ्रीजविरुद्ध लिटलर सेटमध्ये 4-2 असा पुढे होता. डबल 2 वरचा एक डार्ट लागला असता तर 5-2 झाले असते. तो चुकला. हम्फ्रीजने तो सेट घेतला आणि पाठोपाठ चार सेट घेऊन सामना 7-4 असा संपवला. दोघांचीही तीन डार्ट्सची सरासरी शंभराच्या वर होती. निव्वळ सरासरी आणि 180 छापले तर वाचकाला वाटेल की सामना सुरुवातीपासून हम्फ्रीजच्याच हातात होता.

त्याआधीच्या वर्षी, 2023 च्या अंतिम सामन्यात, तर एकाच लेगमध्ये सगळा खेळ दिसला. 501 गुण कमीत कमी नऊ डार्ट्समध्ये संपवता येतात. मायकेल व्हॅन गर्वेनचे पहिले आठ डार्ट्स बिनचूक गेले आणि नववा, डबल 12 वरचा, चुकला. लगेच मायकेल स्मिथ 141 गुणांवर रेषेवर आला आणि ट्रेबल 20, ट्रेबल 19, डबल 12 असे तीन डार्ट्स मारून नऊ डार्ट्सचा लेग त्याने पुरा केला. दोघांत फरक फक्त एका डार्टचा. पुढे सामनाही स्मिथनेच 7-4 असा जिंकला.

कोणता डबल ठेवायचा हे खेळाडू खूप आधी ठरवतो, आणि बातमीत यावी अशी खरी अक्कलहुशारी इथे असते. 32 उरले की डबल 16. तो आतल्या बाजूला चुकला तर साधे 16 लागतात आणि 16 उरतात, म्हणजे डबल 8. तोही आत चुकला तर डबल 4, मग डबल 2, मग डबल 1. शिवाय 16 च्या एका बाजूला 8 चा भाग आहे: डार्ट तिकडे सरकून साधा 8 लागला तर 24 उरतात, म्हणजे डबल 12, आणि डबल 8 लागला तरी 16 उरतात. 40 वर डबल 20 मारणाऱ्याला एवढी सोय नाही. आत चुकला तर डबल 10, पुन्हा चुकला तर डबल 5, आणि त्यानंतर 5 हा विषम आकडा उरतो. मग आधी 1 मारून डबल 2 ठेवण्यात एक डार्ट खर्ची पडतो. 20 च्या शेजारी 1 आणि 5, दोन्ही विषम. तरीही डबल 20 लोकप्रिय आहे, कारण ट्रेबल 20 मारून मारून हाताला ती दिशा बसलेली असते.

तीन डार्ट्समध्ये जास्तीत जास्त 170 संपतात: दोन ट्रेबल 20 आणि बुल. पण त्याखालचे 169, 168, 166, 165, 163, 162 आणि 159 काही केल्या संपत नाहीत. समजा 219 उरले आहेत आणि पहिले दोन डार्ट्स साध्या 20 मध्ये गेले. उरले 179. तिसराही साधा 20 लागला तर 159 उरतात आणि पुढच्या पाळीत लेग संपण्याची आशा नाही. म्हणून खेळाडू तिसरा डार्ट 19 च्या भागात टाकतो: 160 उरतात, आणि ते दोन ट्रेबल 20 व डबल 20 ने संपतात. नवख्या प्रेक्षकाला वाटते नेम चुकला.

सेटच्या आकड्यांचीही अशीच गल्लत होते. 7-3 म्हणजे सात सेट विरुद्ध तीन सेट. प्रत्येक सेट तीन लेग जिंकणाऱ्याचा, निर्णायक सेटमध्ये मात्र दोन लेगांची आघाडी लागते. लेग सुरू करणारा एक पाळी पुढे असतो, म्हणून टेनिसमधल्या सर्व्हिसप्रमाणे इथे आपला थ्रो राखायचा आणि दुसऱ्याचा फोडायचा असतो. 2007 चा फिल टेलर आणि रेमंड व्हॅन बार्नेव्हेल्ड यांचा अंतिम सामना 7-6 असा सुटला. हा आकडा वाचून चुरस कळते, पण तेराव्या सेटमध्येही 5-5 होऊन सगळे एका शेवटच्या लेगवर आले होते, हे त्यातून कळत नाही.

भारताचा नितीन कुमार याच मंचावर खेळला आहे, आणि आपल्याकडे क्लब, जिमखाने, कार्यालयांच्या वार्षिक स्पर्धा येथे बोर्ड वाढत आहेत. त्यामुळे हा मुद्दा फक्त लंडनपुरता नाही. इथला होतकरू खेळाडू बातमीत 180 वाचतो आणि तासन्‌तास 20 वरच फेकत बसतो. त्याचे परिणाम बोर्डावरही दिसतात: 20 चा भाग भुगा होऊन बाहेर येतो आणि डबल कोरे करकरीत राहतात. (अशा वेळी आकड्यांची कडी काढून बोर्ड दोन भागांनी फिरवावा, म्हणजे काळ्या जागी काळाच भाग येतो. सिसलच्या बोर्डाला पाणी मात्र लावू नये, धागे फुगतात.) मापेही चुकतात. 1.73 मीटर उंची जमिनीपासून बुलच्या मध्यापर्यंत मोजायची असते, बोर्डाच्या वरच्या कडेपर्यंत नव्हे. फेकण्याच्या रेषेचे 2.37 मीटर अंतर भिंतीपासून नव्हे, बोर्डाच्या दर्शनी बाजूपासून. बोर्डच सुमारे दीड इंच जाड असतो. भिंतीपासून मोजले की तेवढे अंतर कमी भरते. बुलपासून जमिनीवरच्या रेषेपर्यंत तिरके माप सुमारे 2.93 मीटर भरले, तर दोन्ही मापे बरोबर आहेत असे समजावे. प्लास्टिकच्या टोकाच्या डार्ट्सचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड असेल तर अंतर 2.44 मीटर, दोन्हींसाठी एकच रेषा आखून चालत नाही.

डबलचा हिशेब ठेवणे काही कठीण नाही. 50 किंवा 40 आणि त्याखालचा सम आकडा उरलेला असताना डबलवर टाकलेल्या प्रत्येक डार्टला गुणलेखकाने एक रेघ मारायची, लागला की तिला गोल करायचा. 50 उरलेले असताना खेळाडू कधी बुल सोडून साधा 10 किंवा 18 मारतो, तो डार्ट मोजायचा नाही. मोठ्या स्पर्धांत हा आकडा प्रक्षेपणात पडद्यावर दिसतोच. शंभरातले 40 लागले तरी व्यावसायिक खेळाडूचे काम चांगले समजले जाते.

तेव्हा विनंती एवढीच: खेळाडूच्या नावापुढे सेट, कंसात एकूण लेग, तीन डार्ट्सची सरासरी, आणि डबल 14/35 अशा पद्धतीने द्यावेत. 180 ची संख्या त्यानंतर, जागा उरली तर. बक्षिसाच्या रकमेचे रुपये केले नाहीत तर ती जागा सहज निघेल.

आपला,
एक डार्ट्सप्रेमी वाचक