अण्णांचं पेन मोडीत घालू नका

लंडन,
रविवार सकाळ

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

काल फोन ठेवल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही. काका शेजारी बसून सोनाराचा आकडा सांगत होते, मागे मनूच्या लग्नाची यादी चालली होती, आणि मी आपलं "बरं, बघा" म्हणून मोकळी झाले. तसं म्हणायला नको होतं. म्हणून आज उठल्या उठल्या लिहायला बसले. पत्र पोचायला आठ-दहा दिवस लागतील, तेव्हा याचे फोटो आधी दादाच्या फोनवर पाठवते. पण कागदही टाकणार आहे. बाबा, तुम्हाला हातात धरूनच वाचायला आवडतं.

मागणं एकच आहे. माळा रिकामा करताना सापडलेलं अण्णाआजोबांचं पेन मोडीत घालू नका. आजीची तुटकी पाटली, जोडी हरवलेली कुडी, सगळं मनूच्या दागिन्यांत जाऊ दे, मला त्यात आनंदच आहे. पेन तेवढं वेगळं काढून ठेवा.

सोनार म्हणाला ना, की निब तुटून पडली आहे, आता पेन म्हणून त्याला काही किंमत नाही, टोपणाचं सोनं काय ते घ्या? निब तुटलेली नाही. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. ते पार्कर ५१ आहे. त्या पेनाची निब असतेच झाकलेली. काळ्या खोळीतून टोक तेवढं बाहेर डोकावतं, नवख्या माणसाला वाटतं मोडलं. कंपनीने हे पेन १९४१ मध्ये बाजारात आणलं. ते घडवलं १९३९ साली, कंपनीचं एक्कावन्नावं वर्ष होतं, म्हणून नाव ५१. निब झाकण्यामागे कारण होतं. त्यांनी पटकन वाळणारी शाई काढली होती, कागदावर टिपकागद लावायची गरज पडू नये अशी. पण कागदावर पटकन वाळणारी शाई निबवरही वाळणार. म्हणून निब खोळीत घातली. त्या शाईपुढे जुन्या पेनांचं सेल्युलॉइड, म्हणजे त्या काळचं प्लास्टिक, टिकेना, तेव्हा अंग ल्युसाइट नावाच्या कडक प्लास्टिकचं केलं. ते विमानाच्या काचांना वापरायचे. म्हणूनच सत्तर वर्षं गिरगावातला पावसाळा आणि माळ्यावरचा उकाडा खाऊन अण्णांच्या पेनाचं काळं अंग फोटोत इतकं तुकतुकीत दिसतंय.

आता सोन्याकडे येते, कारण काकांचा सगळा हिशेब तिथे आहे, आणि तो चुकीचा आहे असं मी आत्ताच म्हणत नाही.

सोनेरी टोपण तीन तऱ्हेचं असतं. एक नुसतं सोन्याचं पाणी दिलेलं. दुसरं रोल्ड गोल्ड: पितळेसारख्या धातूवर सोन्याचा पत्रा उष्णतेने आणि दाबाने बसवायचा आणि दोन्ही एकत्र लाटायचे. हा थर पाण्यापेक्षा पुष्कळ जाड असतो, पण आत पितळच. अमेरिकन माल असेल तर त्यालाच गोल्ड फिल्ड म्हणतात आणि त्यावर १/१० असा अपूर्णांक कोरलेला असतो, म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा सोनं, तेही बारा किंवा सोळा कॅरेटचं. तिसरं भरीव सोनं, वरून खालपर्यंत एकच. इंग्लंडमध्ये ते बहुतेक नऊ कॅरेटचं, अमेरिकेत चौदा.

सोनाराने कस लावून पाहिलं असं काका म्हणाले. बाबा, कसोटीच्या दगडावर उमटतं ते वरचं सोनं. रोल्ड गोल्डचा थर जाड असतो, त्याची रेघही दगडावर सोन्याचीच उठते. खात्री करायची तर सोनाराला कानस मारून आत जावं लागतं. ती कानस मारू देऊ नका. रोल्ड गोल्ड असेल तर वितळवून हाती फारसं काही लागणार नाही आणि पेन मात्र जाईल. भरीव निघालं तरी नऊ कॅरेट म्हणजे हजारात ३७५ भाग सोनं, उरलेले ६२५ भाग चांदी, तांबं वगैरे. आणि निब चौदा कॅरेटची, हजारात ५८५, पण तिचं वजन फार तर अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. मुंडावळ्यांच्या खर्चाएवढं तरी निघेल का, मला शंका आहे.

हे मी पुस्तकी सांगत नाही. इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मला शनिवारी पोर्टोबेलो रोडच्या बाजारात फिरायची सवय लागली. तिथे एका टेबलावर जुनी पेनं मांडलेली पाहिली आणि अण्णांच्या खिशाची आठवण झाली. एक काळं पेन, त्यावर दोन रुंद सोनेरी पट्ट्या. विकणारा म्हणाला, भरीव नऊ कॅरेट. त्या महिन्यात मी बाहेरचं खाणं बंद केलं आणि ते घेतलं. घरी आणून दिव्याखाली धरलं तर पट्टीच्या कडेला, जिथे टोपण उघडताना अंगठा घासतो तिथे, लालसर पितळ डोकावत होतं. मला फार वाईट वाटलं होतं, पैशापेक्षा त्याने सरळ डोळ्यांत बघून खोटं सांगितलं याचं. तेव्हापासून दहा पटीचं भिंग पर्समध्ये असतं आणि पट्टी, क्लिप, टोपणाची कड पाहिल्याशिवाय मी पाकीट उघडत नाही.

त्या कडेला इथे एक अख्खी भाषा कोरलेली असते. सोन्याची वस्तू सरकारमान्य परीक्षाघरात तपासली की त्यावर छाप बसतात: करणाऱ्याची अक्षरं, शुद्धतेचा आकडा, कुठे तपासलं त्याची खूण, आणि जुन्या मालावर वर्षाचं एक अक्षर. लंडनची खूण बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमची नांगर. समुद्राचा मागमूस नसलेल्या गावाला जहाजाचा नांगर कसा, हे मला अजून गमतीचं वाटतं. हॉलमार्क हा शब्द तरी कुठून आला? लंडनच्या सोनारांचा गोल्डस्मिथ्स हॉल आहे, तिथे नेऊन छाप मारून घ्यायची, ही रीत पंधराव्या शतकापासूनची. आपल्याकडे बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, हॉलमार्क २००० साली आला आणि २०२१ पासून सक्तीचा झाला. मनूचे दागिने घ्याल तेव्हा तो आणि एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक, बघालच. तेच डोळे पेनाला लावायचे, इतकंच.

माझ्याकडे आता अकरा पेनं आहेत. सगळ्यांची हकीकत लिहीत नाही, आई कंटाळेल. पण दोघांची सांगते. एक मेबी टॉडचं स्वान, एबोनाइटचं म्हणजे कडक रबराचं, हे पत्र त्यानेच लिहिते आहे. त्याच्या टोपणावरची पट्टी भरीव नऊ कॅरेटची. कुणाच्या तरी बोटाने ती एका बाजूला झिजून कागदासारखी पातळ झाली आहे, कोरलेली आद्याक्षरं जवळजवळ पुसली गेली आहेत, आणि झिजलेल्या जागीही सोनंच आहे. मला भरीव सोन्याच्या पट्ट्यांचा नाद लागला तो त्या जागेमुळे. तो माणूस कोण होता मला माहीत नाही, पण पेन उघडताना माझा अंगठा त्याच खळग्यात बसतो.

दुसरं अमेरिकन, एव्हरशार्पचं सिक्स्टी-फोर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं. पेन आणि पेन्सिलीच्या जोडीची किंमत ६४ डॉलर म्हणून हे नाव, आणि त्याचं सोनेरी काम चौदा कॅरेटचं. त्या कंपनीच्या पैशाने रेडिओवर एक प्रश्नमंजूषा चालायची. बरोबर उत्तराला एक डॉलर, मग दोन, चार, असं दुप्पट होत शेवटचा प्रश्न ६४ डॉलरचा. तिथले लोक कठीण सवालाला चौसष्ट डॉलरचा प्रश्न म्हणू लागले ते त्यावरून. माझ्याकडे जोडीतलं पेनच आहे, पेन्सिल कधीतरी मिळेल. आणि आई, सेल्युलॉइडची जुनी पेनं हातात घासून गरम केली की चक्क कापराचा वास येतो. ते बनवताना कापूर घालतात. पहिल्यांदा वास आला तेव्हा मला आपल्या देव्हाऱ्यापुढे उभी असल्यासारखं झालं.

चौदा कॅरेटवरून आजीचं आठवलं. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली, कितीतरी सोनारांचे हातोडे थांबले. आजी सांगायची की असलं फिकं सोनं गळ्यात घालणार नाही म्हणून तिने काळी पोत घातली होती. आणि अण्णा खिशातलं पेन काढून तिला म्हणाले होते, "अगं, याची निब चौदा कॅरेटचीच आहे, आणि आपण सगळे तिच्यावरच जेवतो." ते खरंच होतं. निबला सोनं का, तर जुन्या शाया आंबट, लोखंड-पोलाद खाऊन टाकणाऱ्या. सोन्याला त्या काही करत नाहीत. आणि शुद्ध सोनं फार मऊ, म्हणून मिश्रण चौदा कॅरेटचं. टोकाला तर सोनं नसतंच, तिथे इरिडियम-ऑस्मियमच्या जातीचा कठीण धातूचा कण डाखलेला असतो. लिहितो तो कण.

हा कण लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे झिजतो. अण्णा फोर्टातल्या सॉलिसिटरच्या कचेरीत हेडक्लार्क. १९५२ साली साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याने हे पेन त्यांना दिलं, आणि नंतर निवृत्तीपर्यंत दस्तांच्या नकला, तारखांची वही, तुमची शाळेची फी भरल्याच्या पावत्यांवरच्या सह्या, सगळं त्या एका टोकाने लिहिलं. दसऱ्याला पाटीवर एक्क्यांची सरस्वती काढली की शेजारी झेंडूच्या फुलाखाली हेच पेन ठेवायचे. त्या एका दिवशी ते लिहीत नसत. मला एकदाच हात लावू दिला होता, आणि लगेच पेन परत घेतलं, "वळण बिघडेल गं" म्हणून. तेव्हा मला राग आला होता. आता कळतं.

फोटो पाहिला तेव्हा पहिल्या क्षणी वाटलं की हे माझ्या डब्यात यावं. रात्रभर विचार केला आणि आता तसं वाटत नाही. बाबा, ते मनूला द्या. आमच्यातली तीच अण्णांच्या वाटेने गेली. यंदाच सनद मिळाली आहे, त्याच फोर्टात, हायकोर्टाच्या पायऱ्या चढते. काकांना म्हणावं, वितळवून तिच्या गळ्यात सुताएवढं सोनं घालण्यापेक्षा अख्खं पेन तिच्या हातात द्या. आणि काकांच्या मनात वाट्याचा प्रश्न असेल तर सोनाराने सांगितलेली पूर्ण रक्कम मी मनूच्या आहेरात घालते. हे मी मोठेपणा म्हणून म्हणत नाही. तुम्ही दोघा भावांनी बोलून काय ते ठरवा, मला फक्त वेळ हवा आहे.

तोवर एवढं करा. दिवसाउजेडी, खिडकीशी बसून, दादाच्या भिंगाने टोपणाच्या उघड्या तोंडाजवळची कड पाहा. रोल्ड गोल्ड अशी अक्षरं दिसली तर ते आहे. ३७५ आणि शेजारी बारीक चौकटींत खुणा दिसल्या तर भरीव. कुठे तपकिरी डाग दिसला म्हणून खोटं समजू नका. नऊ कॅरेटमध्ये तांबं-चांदी जास्त, ते काळवंडतं. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट काहीही लावू नका, मऊ सुती फडक्याने पुसा, बास.

मग पेनाचं मागचं अंग हळूच फिरवून काढा. अडकलं तर जोर नको, दुसऱ्या दिवशी बघा. आत धातूची नळी आणि तिला एक पट्टी दिसेल. १९५२ साली मिळालेलं पेन म्हणजे बहुधा याच जातीचं असणार, १९४८ नंतर त्यांनी हीच तऱ्हा आणली. निब साध्या गार पाण्याच्या वाटीत बुडवून पट्टी चार-पाच वेळा दाबा आणि रात्रभर निब पाण्यात राहू दे. गरम पाणी नको, स्पिरिट तर मुळीच नको. सकाळी पाणी निळं झालेलं असेल. बदला आणि परत करा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. आतली पिशवी रबराची नसून पारदर्शक प्लास्टिकसारखी असते, ती बहुधा अजून शाबूत असेल. मग साधी निळी शाई भरा. काळी वॉटरप्रूफ वगैरे भरू नका, ती आत बसली की निघत नाही.

मनूला सांगा, पहिले काही दिवस ते कागदाला थोडं खरखरेल. अण्णा पेन किंचित डावीकडे कलवून धरायचे, तसं धरून बघ म्हणावं.

आई, गुडघ्याचं काय म्हणतात डॉक्टर ते दादाने कळवलंच नाही. जिने चढणं कमी कर, पुनर्विकासवाल्यांच्या मीटिंगला बाबा एकटे जातील. मी लग्नाला पंधरा दिवस आधी येते आहे, तिकीट झालं.

तुमची,
सुमा

ता. क. पहिल्या वाटीतलं निळं पाणी मोरीत ओतू नका. एका छोट्या बाटलीत भरून ठेवा, मी आले की घेईन.