कापूरहोळच्या ताईंना, उभ्यानं चहा पिणारीकडून

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. तुमच्यापर्यंत पोचलं तर उत्तमच, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल.

गेल्या सप्टेंबरातला रविवार. सातारा रस्त्यावर कापूरहोळच्या जरा अलीकडे चहाची टपरी आहे. आमच्या ग्रुपच्या आठ-नऊ सायकली भिंतीला टेकवलेल्या, मंडळी बाकड्यांवर, आणि मी एकटी ग्लास रुमालात धरून उभी. टपरीवाले दोनदा म्हणाले, "बसा की मॅडम." मी म्हटलं, असू दे, पाय मोकळे करते. तुम्ही साताऱ्याकडून एकट्याच आला होतात. हेल्मेटखालून करडी वेणी. अर्धा चहा झाल्यावर शेजारी येऊन हळूच विचारलंत, "बसवत नाहीये का? दुखतंय, की बधिर झालंय?"

या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्यासाठी तुमचे आभार मानायचे आहेत.

कारण दुखण्याबद्दल मी सगळ्यांना सांगून झालं होतं. ज्या दुकानातून सायकल घेतली तिथे सांगितलं, तर "पहिले पाचशे किलोमीटर सगळ्यांनाच होतं, सवय होईल" असं उत्तर मिळालं. पाचशे झाले, आठशे झाले. ग्रुपमध्ये सांगितलं, तर एकानं त्याच्या जुन्या सायकलचं जेलचं कव्हर आणून दिलं. बधिरपणाबद्दल मात्र मी कुणाशी, अगदी नवऱ्याशीही, बोलले नव्हते. वीसेक किलोमीटर झाले की पुढचा भाग आपला नाहीच असं वाटायला लागायचं. उतरल्यावर मुंग्या यायच्या. घरी आल्यावर बाथरूमला गेलं तरी काही वेळ नीट कळायचं नाही. आठ पुरुषांच्या ग्रुपमध्ये हे कुठल्या शब्दांत सांगणार? "सीट टोचते" एवढंच म्हणता येतं, आणि त्यावर सल्लाही टोचण्यापुरताच मिळतो.

तुम्ही मात्र घशाला खवखव होते का इतक्या सहज विचारलंत. मी मान हलवली. तुम्ही म्हणालात, "मग सवयीचा प्रश्न नाही. नस दाबली जाते आहे. सायकल आणा इकडे."

पुढची वीस मिनिटं मला अजून जशीच्या तशी आठवतात. आधी तुम्ही सायकल टपरीच्या उतरत्या अंगणातून सपाट सिमेंटवर घेतलीत. टपरीवाल्यांकडून उधारीची वही मागितलीत, ती सीटवर लांबीत ठेवली आणि तिच्यावर मोबाइल ठेवून त्याची पाणसळ करून पाहिलीत. सीटचं नाक चार अंश वर. "ही सीट नाही, खुंटी आहे," तुम्ही म्हणालात, आणि मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या दुखण्यावर हसू आलं.

मग ते जेलचं कव्हर. तुम्ही त्यावर दोन बोटं दाबलीत आणि मधला भाग कसा फुगून वर येतो ते दाखवलंत. बसण्याची दोन हाडं मऊ जेलमध्ये रुततात आणि उरलेलं जेल मधोमध, नेमकं जिथे काही टेकायला नको तिथे, वर ढकललं जातं. "ही खोगीरभरती कुणाच्या सल्ल्यानं?" असं विचारून ते काढून माझ्या हातात दिलंत. (ज्यानं दिलं होतं तो तीन फुटांवर भजी खात होता. त्यानं ऐकलं असावं. नंतर कव्हर मुकाट्यानं परत घेतलं.)

तुमच्या पिशवीतून अॅलन की, म्हणजे बोल्ट फिरवायची षटकोनी चावी, निघाली. सीटखाली दोन बोल्ट, एक पुढे, एक मागे. मागचा अर्धा फेरा सैल, पुढचा अर्धा फेरा घट्ट, पुन्हा वही, पुन्हा मोबाइल. असं तीन वेळा. सीट सपाट झाली. मग मला टाच पॅडलवर ठेवून उलटं फिरवायला लावलंत, तर पॅडल खाली जाताना माझी कंबर डावी-उजवीकडे डोलत होती. म्हणजे सीट उंचही होती. दर फेऱ्याला मी नाकावर घासली जात होते. करंगळीच्या जाडीएवढी खाली घेतलीत. आता टाच पॅडलला लागली की पाय सरळ, आणि चवड्यानं मारताना गुडघ्यात थोडा वाक.

या सगळ्यात एक पैसा खर्च झाला नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण तोवर मी ऑनलाइन तीन सीटा बघून ठेवल्या होत्या.

तुमची स्वतःची सीट तेव्हाच नीट पाहिली. दोन वेगळ्या पाकळ्या, मधे आरपार फट, पुढे नाक जवळजवळ नाहीच. खालचे बोल्ट सैल केले की पाकळ्या जवळ किंवा लांब सरकतात, पुढून वेगळ्या, मागून वेगळ्या. मला लगेच ती हवीशी झाली. तुम्ही म्हणालात, "आधी आहे तीच महिनाभर चालवा. आणि घरी हाडं मोजा." जाताना आणखी दोन गोष्टी सांगितल्यात: दर दहा मिनिटांनी दहा-पंधरा पॅडल उभ्यानं मारायची, आणि उतरल्यावर बधिरपणा रात्रीपर्यंत गेला नाही तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचे.

हाडं मोजण्याचा कार्यक्रम आमच्या घरात गाजला. फ्रिजच्या खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा कापला, जिन्याच्या पायरीवर ठेवला, त्यावर बसले, पुढे वाकले, पाय जरा उचलले. सासूबाई वरून बघत होत्या. म्हणाल्या, "हे कुठलं नवीन व्रत?" पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले. मधोमध ते मधोमध 131 मिलिमीटर. सायकलवरची सीट होती 143. वाचल्यावर कळलं की सीट हाडांच्या अंतरापेक्षा साधारण दोन-अडीच सेंटीमीटर तरी रुंद हवी, कारण कडा उतरत्या असतात. म्हणजे माझी हाडं सीटच्या उतारावर होती आणि भार मधल्या मऊ भागावर. ती नस, प्युडेंडल म्हणतात तिला, त्याच हाडांच्या आतल्या अंगानं पुढे येते. मग मुंग्या येणार नाहीत तर काय होईल.

आता माझी एक चूक कबूल करते, कारण आहे तीच महिनाभर चालवा असं तुम्ही बजावलं होतं. सपाट सीटनं आराम पडल्यावर मला हाव सुटली. सपाटनं एवढा फरक, तर नाक आणखी खाली केलं तर? केलं. पुढच्या रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत मी सतत पुढे घसरत होते, स्वतःला हातांनी मागे रेटत होते, आणि दोन्ही हातांची करंगळी आणि अनामिका बधिर. खालचं दुखणं वर आलं. तळहाताच्या कडेला दुसरी एक नस दबते म्हणे. घरी येऊन पाणसळ लावली आणि एक अंशावर आणून ठेवली. तिथेच आहे अजून.

या काळात मला आईची सायकल फार आठवली. पुण्यात तेव्हा बायका सायकलवरून ऑफिसला जायच्या, आई नऊवारी नाही पण पाचवारी साडीत जायची. खाली स्प्रिंगा असलेली रुंद सीट, हँडल उंच, पाठ सरळ. तिला हे असलं काही कधी झालं नाही, आणि मला वाटायचं आपणच नाजूक. पण ती ताठ बसायची, सगळा भार मागच्या हाडांवर. आम्ही पुढे वाकतो, ओटीपोट पुढे कलतं, आणि भार पुढे सरकतो. 2012 साली येल विद्यापीठातल्या डॉक्टरांसह काही संशोधकांनी 48 सायकलपटू स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं: हँडल सीटपेक्षा खाली असलं की पुढचा दाब वाढतो आणि संवेदना कमी होते. मी स्टेम, म्हणजे हँडल धरून ठेवणारा तुकडा, उलटा बसवून हँडल वर घेतलं. ग्रुपमधले म्हणाले, सायकल आता आजीबाईंची दिसते. दिसू दे.

महिनाभरानं, तुमच्या सांगण्याप्रमाणे थांबून, पाकळ्यांची सीट मागवली. मामेभाऊ अमेरिकेतून येणार होता, त्यानं आणली. किमतीबद्दल न बोललेलं बरं, माझ्या पहिल्या सायकलच्या निम्मी. वजनालाही जड आहे. आणि बसवली की झालं, असं अजिबात नाही. पहिल्या दिवशी पाकळ्या ऐसपैस उघडल्या, तर मांड्या आतून सोलवटल्या. मग दर वेळी दोन-दोन मिलिमीटरनं आवळत गेले आणि वहीत लिहीत गेले: तारीख, मागची रुंदी, पुढची फट, किती किलोमीटरनंतर काय झालं. डावी पाकळी उजवीपेक्षा किंचित खाली लागते मला, हेही त्यातच समजलं. तीन आठवडे लागले. सगळ्यांनी ही सीट घ्यावी असं मी म्हणणार नाही. माझं अर्ध्याहून जास्त दुखणं कापूरहोळलाच, दोन बोल्टांत गेलं होतं. उरलेलं लांबच्या अंतरांचं होतं, शंभरच्या पुढचं, ते हिनं घालवलं.

डिसेंबरात 200 किलोमीटरची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांबची सायकलफेरी, केली. साडेतेरा तासांची मुदत असते, मला बारा तास पन्नास मिनिटं लागली. पाय गेले होते, मान गेली होती, शेवटच्या चढावर रडू आलं होतं. पण जिथे कळायला हवं तिथे सगळं कळत होतं. शेवटच्या कंट्रोलला, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, कार्डावर शिक्का घेऊन मी खुर्चीत बसले, आणि बसले आहे हेसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि एक. जानेवारीत ग्रुपच्या चहाला मी धीर करून तुमचा प्रश्न मोठ्यानं विचारला. "कुणाला पुढे बधिर होतं का?" शांतता. एकानं विषय टायरच्या हवेवर नेला. त्या रात्री दोन जणांचे वेगवेगळे फोन आले, दोघांचंही पहिलं वाक्य एकच, "वहिनी, ते तुम्ही सकाळी म्हणालात ना..." मी त्यांना अमेरिकेतल्या सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांचं सांगितलं. तिथल्या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या नायोश या सरकारी संस्थेनं 90 पोलिसांना सहा महिने बिननाकाच्या सीटवर बसवलं. बधिरपणा येत नाही म्हणणारे आधी 27 टक्के होते, नंतर 82 टक्के. ते निष्कर्ष 2008 साली छापून आलेत. पोलिसांना लाज वाटली नाही सांगायला, तुम्हाला काय झालं, असं म्हटल्यावर एक जण हसला आणि दुसऱ्यानं विचारलं, पाणसळीचं अॅप कुठलं?

त्याच भजीवाल्या कव्हरच्या मालकाचा फोन होता तो. नाव नाही सांगत.

तुमची,
उभ्यानं चहा पिणारी

ता. क. तुमची पाच नंबरची अॅलन की माझ्याकडेच राहिली. निघायच्या गडबडीत मी ती जर्सीच्या खिशात टाकली आणि खंबाटकीचा घाट चढताना कमरेला टोचली तेव्हा लक्षात आलं. डोक्याला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, त्यावरून ओळखाल. टपरीवाल्यांकडे ठेवली आहे, उधारीच्या वहीसोबत. चहाचे पैसेही दिलेत, दोन ग्लासांचे.