डाळमिलची तपासणी आणि मौनाचा हक्क

छत्रपती संभाजीनगर,
दि. 12 ऑगस्ट 2024

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

कारखाने निरीक्षक लातूरला तुझ्या डाळमिलमध्ये आले असता मुनीमजींनी ‘संविधानाने गप्प बसण्याचा हक्क दिला आहे’ असे सांगून हजेरीपट दाखवण्याचे टाळले, हे तुझ्या पत्रातून समजले. मुनीमजींचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि तेवढ्यावर विसंबलास तर तूच अडचणीत येशील.

स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही, हे अनुच्छेद 20(3) मधील संरक्षण आरोपीसाठी आहे, आणि तपासणीच्या वेळी तू आरोपी नसतोस. त्या दिवशी तुझ्या उपयोगाची तरतूद 1948 च्या कारखाने अधिनियमातच आहे. त्याचे कलम 9 निरीक्षकाला आत येण्याचा, यंत्रे पाहण्याचा, अपघाताची चौकशी करण्याचा, जबाब घेण्याचा आणि नोंदवह्या मागण्याचा अधिकार देते; मात्र स्वतःला गुन्ह्यात गोवणारे उत्तर किंवा पुरावा देण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, असे त्याच कलमाचे परंतुक (कलमाला जोडलेली अपवादाची अट) सांगते. त्याला आरोपी असण्याची अट नाही. त्यामुळे कामगाराचा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला तेव्हा संरक्षक जाळी कोणाच्या सांगण्यावरून काढली होती, या प्रश्नावर तुला गप्प राहता येईल.

हजेरीपटाचे तसे नाही. परंतुकातील ‘पुरावा’ या शब्दात नोंदवहीही बसवून पाहण्याचा मोह वकिलाला होतोच. पण ही वही कायद्याच्या आज्ञेने, तपासणीसाठीच ठेवलेली असते, आणि ती मागूनही न दिल्यास कलम 95 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 1961 साली काठी कालू ओघड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने हस्ताक्षराचे नमुने व बोटांचे ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे ठरवले. संरक्षण आहे ते स्वतःजवळची माहिती सक्तीने वदवून घेण्याविरुद्ध. आधीच लिहून ठेवलेल्या हजेरीवर त्याचे पांघरूण घालणे मला तरी कठीण दिसते.

निरीक्षक आले की हमाल-कामगारांना मागच्या गोदामात बसवण्याची आपल्याकडची रीतही सोड, कारण कामगाराला लपवणे याच कलम 95 खाली गुन्हा आहे. कारखाने अधिनियमाच्या जागी येणारी नवी संहिता (व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता) 2020 साली संमत झाली असली तरी हे पत्र लिहिताना, ऑगस्ट 2024 मध्ये, ती लागू झालेली नाही, तेव्हा तिचा आधार घेऊ नकोस.

हजेरीपट लेखी पोच घेऊन उद्याच सादर कर, त्यात मागाहून एकही ओळ भरू नकोस, आणि अपघाताविषयीच्या जबाबावर सही करण्यापूर्वी त्याची नक्कल मला पाठव.

तुझा,
वसंत