बर्थ सहा, सीट बेल्ट चार

महोदय,

गणपतीला कोकणात जाताना यंदा भाड्याची गाडी न करता आपली मोटरहोमच काढावी, असा आमच्या मेहुण्यांचा बेत आहे. जुन्या मिनीबसच्या आत फेरबदल करून तयार केलेल्या या गाडीत सहा जण झोपू शकतात, परंतु सीट बेल्ट चारच आहेत. दोन पुढे आणि दोन त्यामागच्या आसनावर. उरलेल्या दोघांनी, म्हणजे अर्थातच मुलांनी, मागच्या दिवाणावर बसायचे. म्हणून दोन बेल्ट वाढवून घ्यावेत, या साध्या हेतूने आम्ही नवी मुंबईतील एका गॅरेजमध्ये गेलो आणि तेथे जे पाहिले त्यावरून हे पत्र लिहावेसे वाटले.

अर्ध्या तासाचे काम आहे, असे सांगून कारागिराने दिवाणाची गादी उचलली आणि खालच्या प्लायवर पेन्सिलने चार खुणा केल्या. मी वाकून पाहिले. प्लाय जेमतेम 12 मिलिमीटरचा, तो लाकडी पट्ट्यांना स्क्रूने जोडलेला, खाली पाण्याची टाकी, आणि चेसिसपर्यंत पोहोचेल असे लोखंड कुठेच नाही. ‘‘काका, बेल्ट निघाला तर सांगा, मी लटकून दाखवतो,’’ असे तो म्हणाला. त्याच्या मनात खोट नव्हती. पण ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळली आणि बेल्ट लावलेल्या माणसाला थांबण्यासाठी 60 सेंटिमीटरच अंतर मिळाले, तर 60 किलोच्या माणसाची ओढ जवळजवळ एक टन होते. संयुक्त राष्ट्रांच्या 14 क्रमांकाच्या वाहन नियमावलीनुसार मोटारीतील नुसत्या कमरेच्या बेल्टचे बोल्ट जेथे बसतात त्या जागांची चाचणी सुमारे सव्वादोन टनांच्या ओढीने घेतली जाते. लटकून दाखवणारा कारागीर फार तर सत्तर किलोचा.

दुसरी अडचण दिवाणाचीच आहे. त्यावर बसणाऱ्याचे तोंड रस्त्याकडे नसून समोरच्या ओट्याकडे असते. अशा बसलेल्या माणसाला कमरेचा बेल्ट लावला, तर टक्कर होताना कमर जागच्या जागी राहते, धड कुशीवर फेकले जाते आणि मणका व मान पिळवटली जाते. त्यातच गादी मऊ असली की लहान मूल बेल्टखाली घसरते आणि कमरेच्या हाडावर बसायला हवा तो बेल्ट पोटात रुततो. खरे काम म्हणजे पुढे तोंड असलेले आसन, चेसिसला बोल्टने जखडलेला त्याचा पोलादी सांगाडा आणि खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा बेल्ट. त्याला खर्च येतो, एखादी बर्थही जाते. तरी प्रवासी बसणार असतील तर त्याला पर्याय नाही.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार गाडीत मन मानेल तसे बदल करता येत नाहीत, हे किती गॅरेजवाल्यांना ठाऊक असते? बेल्ट न लावल्याबद्दल त्याच कायद्याच्या कलम 194 ब खाली होणारा हजार रुपयांचा दंड मात्र सर्वांना पाठ. नाक्यावरच्या पोलिसाला बेल्ट दिसतो, प्लायमधला स्क्रू दिसत नाही. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाल्यावर मागच्या आसनावरच्या बेल्टची चर्चा राज्यभर झाली. ती मोटारींपुरतीच राहिली.

राज्य शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यामुळे घोडबंदर रस्त्यावर आणि सायन-पनवेल महामार्गावर अशा गाड्या अधिक दिसू लागल्या तर नवल नाही. नोंदणी प्रमाणपत्रात आसनसंख्या आणि शयनसंख्या वेगवेगळी लिहिण्याची सोय आहेच. परिवहन विभागाला विनंती अशी की, आसनसंख्येत केवळ चेसिसला जोडलेल्या बेल्टची आसनेच मोजावीत आणि पासिंगच्या वेळी निरीक्षकांनी गादी उचलून पाहावी. गाड्या भाड्याने देणाऱ्यांनीही जाहिरातीत ‘सहा जणांची’ एवढेच न लिहिता धावत्या गाडीत किती जण बसू शकतात, ते सांगावे.

आमच्यापुरते सांगायचे, तर ते काम न करताच आम्ही परतलो. मागच्या दोन आसनांवर मुले बसतील, पुढे मेहुणे आणि त्यांच्या सौभाग्यवती. मी आणि माझी पत्नी पनवेलहून कोकण रेल्वेने जाणार आहोत. तिकिटे अजून प्रतीक्षा यादीत आहेत.

आपला,
एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई