साडेतीन मिनिटांपासून सुरुवात

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

शास्त्रीय गाण्यातला लांबलचक ख्याल ऐकायला बसलं की दहाव्या मिनिटाला हात मोबाइलकडे जातो, असं तू परवा म्हणालीस. मग ख्यालापासून सुरुवात करूच नकोस. जुन्या 78 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्यांपासून कर. एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं. तेवढ्यात राग उभा करायचा, ताना घ्यायच्या आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थांबायचं. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहरजान अशा तबकडीसाठी गायली. गाणं संपताना ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, कारण तबकड्या छापायला जर्मनीत जात आणि तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं ते कळायला हवं. सोय म्हणून केलेल्या त्या घोषणेतही काय तोरा आहे!

मग अब्दुल करीम खाँ. आपल्या मिरजेचे म्हणून सांगत नाही (थोडं म्हणूनही सांगतो). त्यांची झिंझोटीतली 'पिया बिन नाही आवत चैन' ही ठुमरी लाव. आवाज बारीक, वरच्या पट्टीतला. घड्याळ डोक्यावर असूनही हा माणूस कुठे घाई करत नाही. एखाद्या स्वरावर असा रेंगाळतो की जणू रात्र पडली आहे. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीही एवढीच लहान. 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलेल्या तबकडीवर ती आहे.

हे कानात मुरलं की एलपीकडे, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्यांकडे ये. किशोरीताईंचा (आमोणकर) भूप राग पूर्ण ऐक, थेट 'सहेला रे'वर उडी मारायची नाही. आधीचा विलंबित, म्हणजे संथ ख्याल ऐकलास तरच द्रुत, म्हणजे जलद बंदिश सुरू होताना काय होतं ते कळेल. दहाव्या मिनिटाचा तुझा प्रश्न तिथे सुटावा.

'गीतरामायण' मात्र एका दमात ऐकू नकोस. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवर ते आठवड्याला एकेक गीत असं येत होतं. माडगूळकर आणि बाबूजींनी (सुधीर फडके) ते त्याच बेताने रचलं. आणि सुलोचना चव्हाणांची लावणी हेडफोनवर नको, स्पीकरवर लाव. तो ठसका चार भिंतींवर आदळायला पाहिजे. शेजारचे काय म्हणतील ते म्हणोत.

तू पाठवलेलं मराठी रॅप ऐकलं. शब्द पखवाजाच्या बोलांसारखे पडतात, लय पक्की आहे, पोरगा दमसासाचा आहे. मधल्या ओळीत मशीन लावून सरळ केलेला सूर मात्र मला सोसला नाही. करीम खाँनंतर लगेच ते लावून बघ, मी काय म्हणतो ते कळेल. किंवा मी म्हातारा झालोय असं ठरव.

आई मागून पत्र वाचतेय आणि विचारतेय, बालगंधर्व कुठे गेले? त्यांच्यासाठी वेगळं पत्र लागेल, असं मी सांगितलं. तिला ते पटलेलं नाही. रात्री तिचा फोन येईल, उचल.

तुझा,
बाबा